भोपळ्याच्या पानावर पांढरं आलंय: दूध, गंधक, निंबोळी तेल की मोरचूद?

गणपती झाले, पावसाचा जोर ओसरला की बेळगावात परड्यातल्या भोपळ्याच्या पानांवर पीठ चाळल्यासारखं पांढरं दिसू लागतं. मग ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळा उपाय. शेजारी म्हणतात दूध मारा, दुकानदार गंधकाची पुडी पुढे करतो, गावाकडचे पाहुणे निंबोळी तेल सांगतात, तर कुणाचा मोरचुदावरच भरवसा. चारही उपाय खरे आहेत, पण ते एकाच रोगावरचे नाहीत. म्हणून पंप भरायच्या आधी पान उलटून बघा.

पानावर बोट फिरवा. भुरी, म्हणजे हा पांढऱ्या बुरशीचा रोग, असेल तर पांढरी पूड बोटाला लागते. भोपळ्याच्या काही जातींच्या पानांवर शिरांच्या बेचक्यात मुळातच चंदेरी ठिपके असतात. ते कितीही घासले तरी निघत नाहीत, आणि तो रोगही नव्हे. धडधाकट वेलावर नुसत्या या ठिपक्यांपायी औषधं मारलेली मी पाहिली आहेत. केवडा हा दुसरा बुरशीचा रोग असेल तर पानाच्या वरच्या अंगाला शिरांनी अडवलेले पिवळे, कोनदार डाग दिसतात आणि सकाळी दव असताना त्याच डागांच्या मागे करडी-जांभळट लव दिसते. तिसरा मोझॅक, तो विषाणूचा रोग. त्याची खूण शेंड्याला हुडकायची: कोवळी पानं हिरवी-पिवळी चितकबरी, आक्रसलेली, आणि फळ धरलंच तर त्यावर गाठी.

दुकानात कन्नडमधून विचारायची वेळ आली तर भुरीला ‘बूदी रोग’ म्हणा, बूदी म्हणजे राख. केवड्याला ‘बूजु तुप्पट’ आणि मोझॅकला ‘नंजु रोग’ म्हणतात. नाव चुकलं की औषध चुकतं.

तुम्ही कुठं राहता यावरही बरंच ठरतं. केवड्याच्या बुरशीला पान तासन् तास ओलं लागतं. त्यामुळे खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात वेल पिवळा पडला तर पहिला संशय केवड्याचा घ्या. भुरीला ओलं पान लागत नाही, उलट पानावर साचलेलं पाणी तिला मानवत नाही. अथणीसारख्या कोरड्या भागात, दाट आणि सावलीतल्या मांडवावर तीच आधी येते. बेळगाव शहर या दोन्हींच्या मधे, त्यामुळे आमच्याकडे एकाच वेलावर श्रावणात केवडा आणि दसऱ्याला भुरी असं होतं.

आता दूध की गंधक. भुरीपुरता हाच खरा प्रश्न आहे.

दुधाचा उपाय नुसता ऐकीव नाही. ब्राझीलमधले शास्त्रज्ञ वागनर बेत्तिओल यांनी भोपळ्याच्याच कुळातल्या झुकिनीवर तो करून पाहिला आणि 1999 साली निष्कर्ष छापले. पाण्यात 10 टक्के किंवा त्याहून जास्त गाईचं दूध मिसळून आठवड्यातून एकदा फवारलं, तर भुरीवर ते रासायनिक औषधाच्या तोडीचं ठरलं. घरात याचा अर्थ 100 मिली दूध आणि 900 मिली पाणी. जास्त दूध म्हणजे जास्त गुण, असं समजू नका. 30 टक्क्यांच्या वर गेलं की पानांवर दुसरीच काळपट बुरशी धरते. ते प्रयोग हरितगृहातले होते. आपल्या उघड्या मांडवावर एक सर आली की दूध धुऊन जातं आणि पुन्हा फवारावं लागतं. फवारताना पानाची खालची बाजूही भिजली पाहिजे.

दुधाची सर्वांत मोठी सोय सांगते. आमच्याकडे भोपळ्याच्या फुलांची भजी होतात. दूध फवारलेल्या वेलाची फुलं धुऊन तळायला मन कचरत नाही. गंधक मारलं की पुडीवर लिहिलेले दिवस मोजत बसावं लागतं.

तरीही गंधकाची ताकद मोठी. पाण्यात मिसळणारं 80 टक्क्यांचं गंधक लिटरला 2 ग्रॅम पुरतं. दोन-चार पानांवर ठिपके असतील तर दूध पुरे. निम्मा वेल पांढरा झाला असेल तर मी गंधकच सांगेन. पण उन्हाचं भान ठेवा. 32 अंशांच्या वर पारा असताना गंधक मारलं की पानं करपतात, आणि काकडी-भोपळ्याचं कूळ त्या बाबतीत आधीच नाजूक. एका एप्रिलमध्ये मी दुपारी बाराला दुधीवर गंधक मारलं. वर आठच दिवसांपूर्वी निंबोळी तेल मारलेलं होतं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा कागद जळावा तशा तपकिरी झाल्या आणि धरलेली पाच-सहा कोवळी फळं गळून पडली. तेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं, हे तेव्हापासून पक्कं लक्षात आहे.

निंबोळी तेल लिटरला 5 मिली, थोडं साबणाचं पाणी घालून. भुरीवर ते गंधकापेक्षा कमीच पडतं. त्याचा उपयोग आहे मावा आणि पांढऱ्या माशीवर, कारण मोझॅकचे विषाणू तेच पसरवतात. पण मावा रोगट वेलावरून उठून चांगल्या वेलावर एक टोच मारतो, तेवढ्यात विषाणू आत जातो. तेलानं किडे कमी होतील, लागलेला मोझॅक जाणार नाही. त्यावर कुठलंच औषध नाही. तो वेल उपटा, मांडवापासून लांब पुरा आणि त्याचं बी धरू नका. हाताने वाढवलेला वेल उपटताना जीव तुटतो, पण शेजारचा दोडका आणि काकडी वाचवायची तर दुसरा मार्ग नाही.

केवड्यावर दूध आणि गंधक दोन्ही वाया जातात. तिथं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण. 1 टक्क्याच्या मिश्रणाला लिटरला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम कळीचा चुना लागतो. कोवळ्या वेलाला मी दोन्ही निम्मेच घेते. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवा, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता आणि गाळून घ्या. त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. डाग पडलेली पानं त्यानं बरी होत नाहीत, नवी पानं वाचतात. म्हणून आधी खालची रोगट पानं कापा, मांडवात वारा खेळू द्या आणि पाणी पानांवर न ओतता बुडाशी द्या.

वेळही बघा. भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून गंधक किंवा तेल ऊन कलल्यावर, पण पानं अंधाराआधी सुकतील अशा बेतानं. दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात, त्यांना सकाळी फवारा. मधमाश्या आणि पतंग गेले तर रोग नसलेल्या वेलालाही फळ धरणार नाही.

एवढं करूनही ओळख पटत नसेल तर दोन-तीन रोगट पानं कागदात गुंडाळून रयत संपर्क केंद्रात किंवा मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पान तोडून दोन दिवस ठेवू नका, त्याच दिवशी न्या.

आणि दिवाळीनंतर भुरी आली, भोपळ्याची साल टणक झाली, देठ वाळायला लागला, तर काहीच फवारू नका. आमच्या मांडवावर आत्ता तीन भोपळे तसे लटकताहेत. निम्मी पानं पांढरी आहेत, मी त्यांना हात लावलेला नाही.