फुकेतला घर घेताय? आधी गरुडाचा रंग बघा

थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. अगदी मोजके अपवाद आहेत, पण ते तुमच्या-माझ्या खिशाला झेपणारे नाहीत. आम्हाला फुकेत बेटावर व्हिला दाखवायला नेणाऱ्या एजंटाला हे एक वाक्य पहिल्याच भेटीत सांगता आलं असतं. त्याऐवजी तो म्हणाला, "दादा, जमिनीचं टेन्शनच घेऊ नका. इथे सगळे कंपनीच्या नावावरच घेतात."

त्या 'दादा' हाकेचा प्रभाव मोठा असतो. परक्या देशात विमानतळाबाहेर आपल्या नावाची पाटी धरून मराठी बोलणारा मुलगा उभा दिसला की माणूस तिथेच निम्मा विरघळतो. तिकीट आमचं, राहणं-फिरणं त्यांचं. सकाळी गाडी दारात, रात्री परत हॉटेलवर. हिला 'वहिनी, वहिनी' करत ओट्याची उंची किती हवी, भिंतींना रंग कोणता, इथपर्यंत विचारून झालं. शहाळी झाली, बोटीची सफर झाली. पण दुपारी तासभर सहज पायी फिरून येतो म्हटलं, तर लगेच "कशाला उन्हात, मी गाडी काढतो ना!" पाहुणचाराच्या नावाखाली पहाराच होता तो. शेजारपाजारच्या कुणाशीही आमचं बोलणं होऊ द्यायचं नव्हतं.

फेब्रुवारी महिना होता. फुकेत अंदमान समुद्राच्या बाजूला आहे, म्हणजे आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस, साधारण मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र निळाशार आणि शांत, आणि या 'साइट व्हिजिट' नेमक्या तेव्हाच निघतात. आम्ही पुढे भर पावसात गेलो, तेव्हा किनाऱ्यावर लाल बावटे लागले होते, म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. टेकडीवरच्या त्या व्हिलाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून गढूळ पाण्याचा लोंढा वाहत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये याच बेटावर करोन भागात डोंगर घसरून १३ माणसं दगावली. 'सी व्ह्यू' म्हणून जास्त पैसे मोजताना उतारावरची माती कशी आहे हे कुणी विचारत नाही, आणि विकणारा कशाला सांगेल? (सामुई बेट मात्र दुसऱ्या बाजूला, थायलंडच्या आखातात आहे. तिथे पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. तिकडे जाणार असाल तर हिशेब वेगळा.)

पण पावसाचं एक वेळ सोडा. खरं पाणी मुरत होतं ते कागदात.

आम्हाला दाखवलेला जमिनीचा कागद सगळा थाई लिपीत, वर मध्यभागी गरुड. गरुड हे तिथलं राजचिन्ह, सरकारी कागदावर ते असतंच. "बघा वहिनी, विष्णूचं वाहन! आपलाच देश समजा," असं तो म्हणाला आणि आम्ही हसलो. खाली एका कोपऱ्यात आकडा होता, २५३६. तो म्हणाला, हा प्लॉट नंबर. सोबत इंग्रजी 'भाषांतर' टाइप करून दिलं होतं, त्यात मालकी 'पूर्ण व निर्वेध' असं ठळक अक्षरात.

विसार दिल्यानंतर पुढचा हप्ता मागताना त्यांनी खातं बदललं. आधीचं खातं कंपनीचं होतं, आता एका बाईच्या वैयक्तिक नावावर पैसे टाका म्हणाले. तिथे आम्ही थांबलो आणि परत फुकेतला गेलो तेव्हा त्यांना कळवलं नाही. वकील आम्ही आमचा शोधला. त्या वकीलबाईंनी कागद हातात घेतला आणि वाचायच्या आधीच म्हणाल्या, हा गरुड लाल नाही.

तिथे रंगावरूनच बरंच कळतं. लाल गरुड म्हणजे चनोत, मोजणी होऊन हद्दीचे दगड बसवलेला पक्का मालकी हक्क. हिरवा आणि काळा गरुड त्याच्या खालच्या दर्जाचे ताबा-हक्क. आमचा कागद यांतला कुठलाच नव्हता. तो होता 'सो पो को ४-०१', म्हणजे १९७५ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली गरीब शेतकऱ्याला कसण्यासाठी दिलेली जमीन. ती वारसाला जाते. आमच्यासारख्याला विकता येत नाही आणि तिच्यावर हौसेचे व्हिलाही बांधता येत नाहीत. खात्री म्हणून जमीन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटसुलट पाहून तसाच परत सरकवला. ही जमीन त्यांच्या दप्तरातच नव्हती, ती शेतजमीन सुधारणा खात्याची. आणि तो २५३६? ते बौद्ध साल. थायलंडची सालं आपल्या इसवीपेक्षा ५४३ ने पुढे असतात. १९९३ मध्ये कुणा शेतकऱ्याला ती जमीन मिळाली, त्याची ती तारीख होती.

फुकेतमधल्या याच 'सो पो को' जमिनी धनदांडग्यांच्या घशात गेल्याच्या प्रकरणावरून १९९५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान चुआन लीकपाई यांना संसद बरखास्त करावी लागली होती. तिथे हे सर्वांना ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने सांगितलं असतं, पण त्याच्यापर्यंत आम्हाला पोचू देतंय कोण!

आता त्या 'कंपनी'चं. कंपनीत ५१ टक्के थाई भागीदार आणि ४९ टक्के आपण, म्हणून कंपनी थाई, म्हणून तिला जमीन घेता येते, अशी ती गोळी. आमचे ते भागीदार निघाले त्यांच्याच वकिलाच्या ऑफिसातले कर्मचारी. दमडी न घालता फक्त नाव उसनं देणारे असे भागीदार हा तिथे गुन्हा आहे. १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख ते दहा लाख बात (थाई चलन) दंड आहे, आणि नाव वापरणारा परदेशीही त्यात येतो. हीच यांची खरी कारागिरी. तुम्हाला आधी गुन्ह्यात भागीदार करून ठेवायचं, मग तक्रार करणार कोण?

पैशांचंही तेच. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, बँकेमार्फत, उद्देश लिहून. "थोडे बँकेतून, बाकी इथेच रुपयांत द्या," अशी गळ आम्हालाही घातली होती. आमचं सगळं बँकेतून गेलं म्हणून पावत्या आहेत आणि तिथल्या पोलिसांत तक्रार तरी देता आली. आमच्याबरोबर आलेल्या एका जोडप्याने मोठी रक्कम रोखीत दिली. आता ते फोनही उचलत नाहीत. बोलले तर स्वतःच अडकतील.

तुम्हाला तिथे घ्यायचंच असेल तर काँडो, म्हणजे फ्लॅट, परदेशी माणसाच्या स्वतःच्या नावावर होतो. इमारतीतल्या फ्लॅटच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंत. तो कोटा शिल्लक आहे का, याचं पत्र इमारतीच्या व्यवस्थापनाकडून मागा, एजंटाकडून नको. पैसे परकीय चलनात थायलंडमध्ये आल्याचा तिथल्या बँकेचा दाखला लागतो, आणि पुढे फ्लॅट विकून पैसे परत आणतानाही तोच उपयोगी पडतो. '३०+३०+३० वर्षांचा लीज' (भाडेपट्टा) म्हणजे ३० वर्षंच. पुढची साठ नुसती आश्वासनं. तीन वर्षांवरचा लीज जमीन कार्यालयात नोंदवलेला नसेल तर तीनच वर्षं धरा. 'भाड्याची हमी' देणाऱ्याला विचारा, हॉटेलचा परवाना कुठाय? कारण तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीचं भाडं तिथे हॉटेल कायद्यात येतं.

आणि ज्यांचे पैसे आधीच अडकलेत त्यांना लवकरच एक फोन येईल. आम्हाला आला. "दादा, गैरसमज झालाय, जमीन चनोतमध्ये बदलून मिळते, फक्त प्रक्रियेचा खर्च भरा." सोबत नवा करार असतो आणि आत कुठेतरी एक कलम, की आधीच्या व्यवहाराबद्दल खरेदीदाराची काहीही तक्रार उरलेली नाही. आमच्या करारात ते अकराव्या पानावर होतं, थाईत, आणि इंग्रजी प्रतीत ते पानच नव्हतं.