धंतोलीतील फिजिओथेरपी केंद्र : बोटे न हलवता बोटांचा सराव

काचेने तळहात कापल्यामुळे माझ्या धाकट्या भावाच्या दोन बोटांच्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोरीसारखे तंतू) जोडाव्या लागल्या आणि पुढील उपचार धंतोलीतील एका केंद्रात झाले. जोडलेली कंडरा पक्की होईपर्यंत मूठ जोराने वळता येत नाही; त्या काळात मेंदूची हालचालीची सवय मोडू नये म्हणून तेथील थेरपिस्ट ताई त्याला डोळे मिटून चहाचा कप उचलण्याची कल्पना करायला लावत : कपाच्या कानात बोट अडकते, पकड घट्ट होते, वजन जाणवते. स्प्लिंटमधले (बोटे स्थिर ठेवणाऱ्या आधारपट्टीतले) बोट किंचित जरी ताणले गेले तरी त्या लगेच थांबवत.

त्यांनी अवाजवी आश्वासन दिले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, २८ रुग्णांवरील डच अभ्यासात या सरावाचा लाभ हालचालीच्या पूर्वतयारीला लागणाऱ्या वेळेत दिसला, हाताच्या इतर क्षमतांत ठळक फरक आढळला नाही. म्हणूनच नेहमीचे व्यायामही त्यांनी काटेकोरपणे करून घेतले. शुल्क वाजवी आहे. मात्र एकाग्रता लागणाऱ्या या सरावासाठी कूलरच्या घरघरीपासून दूर, स्वतंत्र खोली असायलाच हवी.