कूलर कशावर सोपवावा: लिहिलेल्या नियमांवर की शिकणाऱ्या यंत्रणेवर?

मे महिन्यातली दुपार. नागपुरात मनीषनगरच्या घरी आई कूलरसमोर झोपली होती आणि कूलर आपोआप बंद पडला. "काहून बंद झाला रे हा?" मी कूलर आपोआप चालवणाऱ्या नियमांची यादी उघडली. २० मिनिटं हालचाल नाही, तर कूलर बंद. हा माझाच नियम. झोपलेल्या माणसाची हालचाल ती किती असणार? त्यात हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर शरीर आणि भोवताल यांच्या तापमानातला फरक टिपतो. खोली ३६-३७ अंशांवर गेली की तो फरकच फारसा उरत नाही.

पण 'काहून'चं उत्तर एका ओळीत सापडलं आणि तिथेच दुरुस्तही झालं. घरात वडीलधारी माणसं असतील तर माझा कौल नियमांना आहे, तो यासाठी. होम असिस्टंट किंवा नोड-रेड या घरातली उपकरणं आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काय घडलं, कोणती अट, मग काय करायचं, एवढंच मांडायचं असतं.

शिकणारी यंत्रणा सवयी पाहून अंदाज बांधते. ठरल्या वेळी ऑफिसला जाणाऱ्या घराला ती सोयीची पडते, नियम लिहीत बसावं लागत नाही. नागपुरात तिची खरी परीक्षा जूनमध्ये होते. मेच्या कोरड्या हवेत कूलरच्या ताट्यांतलं (बाजूच्या ओल्या पॅडमधलं) पाणी भराभर उडतं आणि खोली गार होते. पाऊस लागला की त्याच पंपानं खोली नुसती दमट होते. उन्हाळाभर शिकलेलं असं आठवडाभरात निरुपयोगी ठरतं. आर्द्रतेचे आकडे पुरवले तरी दमट दिवस तिनं अजून पाहिलेलेच नसतात.

नियमात हे आधीच लिहिता येतं: बाहेरची आर्द्रता १० मिनिटं ७० टक्क्यांच्या वर राहिली तर पंप बंद, पंखा चालू, ६० च्या खाली आली की पंप पुन्हा सुरू. हे अंतर मुद्दाम ठेवायचं, नाहीतर पंप सारखा चालू-बंद होत राहतो.

नियम वाढले की एकमेकांना आडवे येतात. उकाडा म्हणतो पंप लाव, आर्द्रता म्हणते बंद कर. कोणाचं ऐकायचं ते आधीच ठरवून ठेवा.

झोपलेलं माणूस ओळखायला मिलिमीटर-वेव्ह रडार घ्या. श्वासानं हलणारी छातीही त्याला कळते. मात्र कूलरच्या वाऱ्यानं हलणारा पडदा त्याच्या टप्प्यात नको. रडारचं तोंड पलंगाकडे ठेवा. टाकीतलं पाणी संपल्यावर पंप थांबवायचं काम दोन्हींपैकी कोणत्याच पद्धतीवर टाकू नका. इलेक्ट्रिशियनकडून पंपाच्या वायरीतच फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारा) बसवून घ्या, म्हणजे वायफाय गेलं तरी पंप कोरडा चालणार नाही.