लास्ट ऑफ अस पार्ट टू, निव्वळ कानांवर: पावसाळाभर खेळल्यानंतर

हेडफोनचा डावा कान गेला आणि गेममधलं अर्धं जग गेलं. मला दिसत नाही, 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा प्लेस्टेशनवरचा लपत-लढत पुढे जायचा गेम मी निव्वळ आवाजाच्या आधाराने खेळतो. गेम 2020 चा, त्यातल्या साठाहून जास्त अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंग्जचं (अपंगांनाही खेळता यावं म्हणून दिलेल्या सोयींचं) कौतुक सगळ्यांचं करून झालंय, ते पुन्हा नको.

हेडफोन दुकानदाराने 'सेव्हन पॉइंट वन', म्हणजे चहूबाजूंनी आवाज देणारा, म्हणून गळ्यात मारलेला. वायरवर एक बटण. ते दाबलं की गेममधली बाटली असो वा कात्री, सगळं विहिरीत पडल्यासारखं घुमतं, आणि घुमलं की दिशा संपली. त्यात डावी बाजू मुकी झाली. पणजीच्या सर्व्हिस सेंटरवर उत्तर काय, तर ओलावा वॉरंटीत बसत नाही! जुलैत डिचोलीत ओल न लागलेली एक वस्तू दाखवा, बक्षीस देतो. वर तिथला माणूस म्हणतो, "एका कानांत येता मरे आवाज! गाणीं आयकूंक पुरो."

शेवटी भाच्याने ड्रॉवरमधला, कुठल्याशा फोनबरोबर फुकट आलेला वायरचा इअरफोन कंट्रोलरला जोडून दिला. हजारोंच्या हेडफोनपेक्षा दिशा त्यात स्वच्छ कळते. पैसे गेले याचा राग अजून आहेच.

आता मुद्द्याचं. कंट्रोलरचं आर-वन बटण धरून चौकोनाचं बटण दाबलं की आसपासच्या वस्तू वाजतात, गोलाचं दाबलं की शत्रू. हाच स्कॅन. आवाज त्या त्या जागेवरून येतो. वर असेल तर बारीक, खाली असेल तर जाड. हा प्रकार सुरुवातीला मला पोरखेळ वाटायचा. उंचीचा आणि स्वराचा काय संबंध? आता मत उलटं आहे. हेडफोनमधून वर-खाली जवळजवळ कळतच नाही, तेव्हा ते असं खुणेनेच सांगितलेलं बरं. माडीवरची बाटली बारीक वाजली की आता मी आधी जिना शोधतो.

मग पुढे-मागेसाठी अशी खूण का नाही? माझं सगळं घोडं इथेच अडतं. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला फार तर 0.6-0.7 मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढ्यावर मेंदू बाजू ओळखतो. पण नाकासमोरचा आणि पाठीमागचा, दोन्ही आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतात. एरवी कानाच्या पाळीच्या वळणांमुळे दोन्हींच्या पोतात फरक पडतो. कुळागरात, म्हणजे आमच्या माडा-पोफळींच्या बागेत, नारळ पडला तर पुढे की मागे हे मी मान न वळवता सांगतो. इअरफोन पाळीला वळसा घालून सरळ आत. त्यामुळे कात्री समोर आहे म्हणून निघावं, तर ती पाठीमागे आणि आपण भिंतीला डोकं लावून उभे.

उपाय एकच: नजर फिरवणारी उजवी स्टिक किंचित उजवीकडे वळवायची आणि परत चौकोन दाबायचा. आवाज डावीकडे सरकला तर वस्तू पुढे, उजवीकडे सरकला तर मागे. कटकट आहे, पण अशी वळणं घेता घेता खोलीचा अंदाज येतो. एल-थ्री, म्हणजे डावी स्टिक, आत दाबली की गेम स्वतःच तुम्हाला वाटेकडे वळवतो. त्याच्या भरवशावर मी सबंध घरं पार केली आणि खोली लांबट की चौकोनी, पत्ता नाही. वस्तू वाजते हो, मोकळी जागा वाजत नाही. फक्त आवाजाच्या गेममध्ये बाजूला वाट फुटली की वाऱ्याची झुळूक ऐकवायची साधी युक्ती असते. एवढ्या मोठ्या बजेटात ती बसली नसती का? आता अडलं तरच एल-थ्री.

क्लिकरशी, म्हणजे गेममधल्या रोगाने राक्षस झालेल्या माणसांशी, मात्र माझं बरं जमतं. तेही आंधळेच, टकटक करत आवाजावर वाट काढणारे. त्यांची टकटक सतत चालू असते, म्हणून जरा वळलं की पुढे-मागे लगेच उलगडतं. स्कॅनचा आवाज एकदाच टिणकून गप्प होतो. बटण धरलं आहे तोवर तोही वाजत राहिला असता तर वरचा सगळा परिच्छेद मी लिहिलाच नसता.

पाचातले चार. सेकंडहँड डिस्क मिळाली तर नवी घेऊ नका, आणि चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत खेळायला बसू नका. शेजारी घुमट, हे आमचं मडक्याचं वाद्य, वाजू लागलं की स्कॅनही ऐकू येत नाही.