नियंत्रित वातावरणाचा कंटेनर: फळ टिकले, नोंदी मात्र मिळाल्या नाहीत

अ‍ॅव्होकॅडो समुद्रमार्गे निर्यात करणाऱ्या आमच्या उत्पादक गटाने या हंगामात साध्या रीफरऐवजी (शीतकरण असलेल्या कंटेनरऐवजी) नियंत्रित वातावरणाच्या कंटेनरची सेवा घेतली. साधा रीफर केवळ तापमान राखतो. या कंटेनरमध्ये ऑक्सिजन २ ते ५ टक्क्यांपर्यंत उतरवून कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढवले जाते, त्यामुळे फळाचे श्वसन मंदावते आणि पिकणे लांबते. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजांमुळे ज्यांच्या फळाचा प्रवास एक-दोन आठवड्यांनी वाढला, त्यांना या सेवेशिवाय फारसा पर्याय उरलेला नाही.

फळाबाबत तक्रार नाही. हास जातीचा माल टणक आणि हिरवा उतरला, देठकूजही नगण्य होती. मात्र सेवेच्या माहितीपत्रकात न लिहिलेली एक गोष्ट सांगायला हवी: कंटेनर फळ थंड करण्यासाठी नसून आधी थंड केलेले फळ तसेच ठेवण्यासाठी असतो. पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंगला उशीर झाला किंवा शुष्क पदार्थ (गरातील पाणी वगळून उरणारा भाग) २१ टक्क्यांपर्यंत पोहोचण्याआधीच हासची तोडणी केली, तर नेमके राखलेले वातावरणही ते फळ वाचवू शकत नाही. असे कोवळे फळ पिकण्याऐवजी सुरकुतते.

खरी उणीव कागदोपत्री कामात आहे. एका खेपेत गर करडा पडल्याचे सांगून आयातदाराने रक्कम कापली. असा रंग अतिथंडीमुळे येऊ शकतो, तसाच फळ फार दिवस साठवल्यानेही येतो, म्हणून आम्ही तासागणिक तापमानाची नोंद मागितली. सेवादात्याने पाठवली ती केवळ दैनंदिन सरासरी, आणि तीही हिशेब मिटल्यानंतर! जहाज बदलताना काही तास वीज खंडित झाली असेल, तर सरासरीत ते दिसणार कसे? माल पोहोचल्यावर भाव ठरण्याच्या पद्धतीत पुरावा नसला की कपात उत्पादकाच्याच माथी बसते. तेव्हापासून आम्ही पेट्यांमध्ये स्वतःचे डेटा लॉगर, म्हणजे तापमान सतत नोंदवणारी छोटी उपकरणे, ठेवतो आणि ही सेवा घेणाऱ्या प्रत्येकाने ते ठेवावेत, असे मला वाटते.

प्रवास दोन आठवड्यांच्या आत संपणार असेल, तर जादा भाडे भरण्याचे कारण मला दिसत नाही. लांबच्या मार्गासाठी पाचपैकी साडेतीन तारे. सविस्तर नोंदी माल उतरताच मिळू लागल्या, तर चार द्यायला माझी हरकत नाही.