ढोबळी मिरची, १० गुंठे पॉलीहाऊस, ९ महिने: काय कामाचं निघालं, काय फुकट गेलं

जूनच्या पहिल्या आठवड्यात लागण केलेली, आता मार्च चालू आहे, तोडे शेवटाला आलेत, म्हणून म्हटलं विसरायच्या आधी लिहून टाकू. आमचं गाव कडोलीच्या बाजूला, बेळगावपासनं फार लांब नाही. १० गुंठ्यांचं पॉलीहाऊस म्हणजे साधारण १००० चौरस मीटर, आत २६०० झाडं, लाल आणि पिवळी ढोबळी. ह्याच्या आधी आमच्यात बटाटा, रताळी, कोबी एवढंच. मिरची म्हणजे आज्जीच्या परसातली संकेश्वरी, तिला कधी कुणी औषध मारलेलं बघितलं नाही. ढोबळी म्हणजे जावई बघा, रोज विचारपूस पाहिजे आणि तरी तोंड वाकडंच.

बुरशी आणि किडीसाठी म्हणून घेतलेल्या वस्तू: दमटपणा दाखवणारा मीटर, १० पटीचं भिंग, निळे-पिवळे चिकट सापळे, १६ लिटरचा बॅटरी पंप, नीम साबण, ट्रायकोडर्मा (मातीतल्या रोगाच्या बुरशीला खाणारी मित्रबुरशी), पाण्यात विरघळणारं गंधक, आणि दुकानदारानं दिलेल्या बाटल्या, त्या मोजत नाही. ह्यातलं सगळ्यात स्वस्त जे होतं, भिंग १५० रुपये आणि मीटर ६०० च्या आसपास, त्यांनीच पीक वाचवलं. बाटल्यांचं बिल सांगितलं तर घरात परत विषय निघेल.

आधी पाऊस. राकसकोप धरण भरलं म्हणून पेपरात फोटो येतात ना, त्या दिवसांतली गोष्ट. पाणी आत येतंय म्हणून चारी बाजूचे पडदे सायंकाळी गच्च बंद करायचो. सकाळी आत गेलं की वरच्या प्लास्टिकमधनं टपटप टपटप, झाडं आंघोळ केल्यासारखी. मीटर ६ वाजता ९६ टक्के दाखवायचा. छाटणी केलेल्या खुंटांवर आणि फळाला चिकटून राहिलेल्या फुलांच्या पाकळ्यांवर करड्या रंगाची लव धरायला लागली, तिथनं फळात शिरली आणि फळं मऊ पडायला लागली. मी काय केलं, बुरशीनाशक आणून मारलं, ते पण सायंकाळी, कारण दिवसा गडी दुसऱ्या कामाला. दोन दिवसांनी जास्तच. परत मारलं. काकतीच्या बाजूला जरबेरा करणारे एक मामा आहेत, त्यांनी येऊन बघितलं आणि म्हणाले, "औषधाचं पाणी पण पाणीच की ओ, रात्रभर झाडाला भिजत ठेवतोस आणि बुरशी जाईना म्हणतोस."

तिथनं डोकं उघडलं. सायंकाळची गरम दमट हवा आत कोंडली की पहाटे ती गार होते आणि तेच पाणी पानावर, फळावर बसतं, पाऊस बाहेर असो नसो. मग पाऊस ज्या बाजूनं येतो ती सोडून दुसऱ्या बाजूचा पडदा रात्री पण वीतभर उघडा ठेवायला लागलो, सकाळी साडेसहाला दोन्ही बाजू वर. ड्रिप फक्त सकाळी. छाटणी दुपारी, उघडीप बघून, म्हणजे जखम सायंकाळच्या आत वाळते. कुजलेल्या पाकळ्या आणि फळं झाकणाच्या बादलीतनं बाहेर नेऊन पुरायची, दोन ओळींच्या मधे टाकायची नाहीत (हे गड्यांना पटवायला औषधापेक्षा जास्त दिवस गेले). मीटर पहाटे तरी ९० च्या वरच असायचा, जुलैत आपल्याकडं बाहेरच तेवढं असतं, पण ९ वाजेपर्यंत पानं कोरडी व्हायची. जुनी फळं गेली ती गेलीच, नव्या फळांना मात्र लागण हळूहळू थांबली.

मीटरबद्दल एक, तो दारात किंवा उन्हात टांगू नका, आकडा खोटा येतो. झाडाच्या उंचीला, सावलीत, मधल्या ओळीत. आणि स्वस्तातले मीटर ९५ च्या वर काय पण दाखवतात, तिथं आकड्यापेक्षा पानाला हात लावून बघा.

एका कोपऱ्यात गटर गळून पाणी साचलं, तिथली ४० झाडं मर लागून गेली. ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून सगळीकडं घातला होता, त्या कोपऱ्यात पण. चर काढून पाणी बाहेर सोडल्यावर मर पुढं सरकली नाही. श्रेय चराला द्यायचं का ट्रायकोडर्माला, तुम्हीच ठरवा, मी तर पुढच्या वेळी आधी गटर बघणार.

आता मुख्य गोष्ट, नुशी. सप्टेंबर संपताना शेंडे आकसायला लागले. आमच्याकडं कामाला गोकाककडची एक अक्का येते, तिनं पहिल्यांदा बघितलं आणि सांगितलं, "अण्णा, नुशी बंदैती." मी गडबडीत दुकानात गेलो, नुशी आलीय म्हटलं, त्यानं फुलकिड्यांचं औषध दिलं, सोबत एक टॉनिक गळ्यात मारलं. आठ-आठ दिवसांनी तीनदा मारलं. शेंडे सुधारायचं सोडा, निम्म्या पॉलीहाऊसमध्ये पसरलं. आता लफडं काय होतं बघा, कन्नडमध्ये फुलकिड्यांना पण नुशी म्हणतात आणि कोळ्याला पण नुशी, थ्रिप्स नुशी आणि माइट नुशी. आणि आपण मराठीवाले तरी काय शहाणे, दोन्हीला चुरडा-मुरडा म्हणून मोकळे! अक्का बरोबर, दुकानदार पण त्याच्या जागी बरोबर, मी मधल्यामधे बुडालो.

फरक पानावरच लिहिलेला असतो. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं झालं तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी पालथी घातल्यासारखी, देठ लांबलेला, तर पिवळा कोळी. माझी पानं सगळी खाली वळलेली. भिंग घेऊन अगदी कोवळ्या शेंड्याच्या पानाची खालची बाजू बघितली तेव्हा ते पारदर्शक पिवळट ठिपके चालताना दिसले, नुसत्या डोळ्याला काय सुद्धा दिसत नाही. कोळी हा किडाच नाही, आठ पायांचा, कोळीष्टकं करणाऱ्याच्या जातीचा, त्यामुळं फुलकिड्यांची बरीचशी औषधं त्याला लागतच नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि त्याला रान मोकळं मिळतं. चिकट सापळ्यांनी पण फसवलं, त्यावर काहीच नव्हतं म्हणून मी निवांत होतो. कोळ्याला पंख कुठं असतात सापळ्यावर उडून बसायला!

मग कोळीनाशक, एक आठवड्यानं गंधक लिटरला २ ग्रॅम, आणि फवारा खालनं वर, शेंड्यात घुसेल असा. नवीन पालवी सरळ यायला अडीच-तीन आठवडे लागले. आधी वाकडी झालेली पानं सरळ होत नाहीत, त्याची वाट बघत बसून परत औषध मारू नका. ज्या फळांवर खरखरीत तपकिरी साल आली ती सगळी मार्केटला दोन नंबरात गेली.

निळे सापळे फुलकिड्यांसाठी चांगले, पिवळे पांढऱ्या माशीला आणि माव्याला, पण त्यांनी कीड संपते असं समजू नका, ते मोजायला. दर सोमवारी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचो, आकडा वाढला की फूल पांढऱ्या कागदावर झटकून बघायचं. २०२१ मध्ये कर्नाटक, आंध्र, तेलंगणात मिरचीची वाट लावली ते काळे फुलकिडे फुलातच दडून बसतात, म्हणून फूल. सापळा झाडाच्या शेंड्याच्या उंचीला पाहिजे, झाड वाढलं की तो पण वर. माझे दोन महिने गुडघ्यालाच होते.

नीम साबण बेंगळुरूच्या आयआयएचआर ह्या फळं-भाज्यांच्या संशोधन संस्थेच्या पद्धतीचा, माव्याला आणि सुरुवातीच्या पांढऱ्या माशीला छान. आमच्या बोअरचं पाणी जड, साबण फाटतो, लिंबू पिळलं की नीट मिसळतो. उन्हात मारू नका. आणि व्हर्टिसिलियम म्हणून जिवंत बुरशीपासनं केलेलं जैविक औषध मिळतं, पावसाळ्यात दमट हवेत माव्यावर खरंच चालतं. मी ते मारलं आणि तिसऱ्या दिवशी वरनं बुरशीनाशक मारलं. विकत आणलेली बुरशी स्वतःच्या हातानं मारली म्हणा ना.

थंडीत भुरी आली, म्हणजे पांढरी बुरशी, आमच्या गड्यांच्या भाषेत बूदी, राख. ढोबळीची भुरी काकडीसारखी वरनं दिसत नाही, वर नुसते पिवळे डाग, पांढरं असतं ते पानाच्या खाली. मी आधी मॅग्नेशियम कमी पडलंय म्हणून ते सोडत बसलो, १० दिवस गेले. ती पानाच्या आत वाढते, त्यामुळं पहिल्या डागाला गंधक मारलं तर उपयोग, पानं गळायला लागल्यावर काय हातात राहात नाही. गंधक ३२ अंशाच्या वर अजिबात मारू नका, फेब्रुवारीत एकदा अकरा वाजता मारलं आणि दोन ओळींच्या पानांच्या कडा भाजल्या. तेलाचं काही फवारलं असेल तर त्याच्या जवळपास पण गंधक नको.

बॅटरी पंप ठीक, पाच महिन्यांनी बॅटरी उतरली, नोझल दोनदा बदललं. भिंग मात्र अक्कानं दोरा बांधून गळ्यात घातलंय, आता ती सांगते कुठल्या ओळीत कुठली नुशी, थ्रिप्स का माइट. मला स्वतःसाठी दुसरं आणायला लागलं.

एप्रिलमध्ये झाडं काढायची, आत वाळवत ठेवायची नाहीत, पोत्यात भरून थेट बाहेर. मग पॉलीहाऊस गच्च बंद करून उन्हात तापू द्यायचं, कारण फुलकिडे कोष करायला मातीत उतरतात. बाजूची जाळी ४० मेशची (इंचाला ४० भोकं) आहे, पांढरी माशी अडते पण फुलकिडे आरामात येतात. ५० मेश घातली तर वारा कमी आणि परत तो पहाटेचा दमटपणा, म्हणून ह्या वेळी फक्त वाऱ्याकडच्या एका बाजूला ५० लावायलोय, बाकी तीन बाजू आहे तशाच.