रुंद पट्ट्याचा लेझर: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा वापरल्यानंतर

फायबरचं टोक पुन्हा जळलं, म्हणून लिहायला बसले. ऊतकाला रंग न लावता त्याचं चित्र घ्यायला १०४० नॅनोमीटरचा यटर्बियम फेम्टोसेकंद लेझर (प्रकाशाच्या अतिशय आखूड पल्स देणारा), पुढे फोटॉनिक क्रिस्टल फायबर (त्या प्रकाशाचा रुंद रंगपट्टा करणारी काचेची तार), मग पल्स शेपर (हवा तो पट्टा निवडून पल्स पुन्हा आखूड करणारं उपकरण) आणि मायक्रोस्कोप अशी मांडणी घ्यायच्या विचारात असाल तर वाचा.

आधी सर्व्हिसबद्दल. इंजिनिअरने टोक पाहिलंसुद्धा नाही. "अख्खं मॉड्यूल बदलावं लागेल," असं फोनवरच सांगून कोटेशन धाडलं, आणि आकडा वाचून माझं डोकं फिरलं. अहो, जळतं ते टोकाचं टीचभर! तेवढंच क्लीव्हरने (फायबर कापायच्या हत्याराने) कापलं, भिंगाखाली कड सपाट आणि बिनचिरीची दिसली, पुन्हा कपलिंग केलं, म्हणजे बीम फायबरमध्ये नेमका बसवला, आणि त्याच संध्याकाळी स्कॅन सुरू झाला.

टोक मुळात जळतं कशाने? आमच्याकडे तरी एसीने. फायबरचा कोर, म्हणजे प्रकाश वाहणारा गाभा, जेमतेम काही मायक्रॉनचा. खोलीचं तापमान हललं की माउंट किंचित सरकतो, बीम कोरवरून ढळतो, पॉवर पडते, कुणीतरी ती भरून काढायला लेझर वाढवतं आणि टोक जातं. ब्रोशरमध्ये स्पेक्ट्रमचे रंगीत आलेख पानभर, खोलीच्या तापमानाबद्दल एक ओळ नाही. कपलिंगवर अॅक्रिलिकची पेटी बसवा आणि एसी रात्रीही बंद करू नका. विजेचं बिल नव्या मॉड्यूलपेक्षा स्वस्तच पडतं.

पहिले काही आठवडे मी सगळ्यांना सांगत होते, साधा ट्युनेबल लेझर (एका वेळी एकच तरंगलांबी देणारा, हवी तशी बदलता येणारा) घ्या, हा नको. सिग्नल अगदी मरतुकडा यायचा. शेपर नीट बसवल्यावर मत पालटलं. पट्टा जितका रुंद तितकी पल्स आखूड होऊ शकते, पण काचेतून जाताना ती ताणलीही तितकीच जाते. ४० फेम्टोसेकंदांच्या पल्सला वाटेत २००० फेम्टोसेकंद वर्ग डिस्पर्शन (काचेच्या या ताणण्याचं माप) लागलं तर ती साधारण १४४ ची होते. तेवढ्याच पॉवरला दोन फोटॉनचा (दोन प्रकाशकण एकदम लागून उठणारा) सिग्नल साडेतीन पटींहून जास्त पडतो, तीन फोटॉनचा तर तेरा पट. म्हणून शेपरची किंमत कापून पैसे वाचवू नका. काटकसर इतरत्र करा.

आणि मग जे दिसतं! चिकनवाल्याकडून आणलेली कातडी, एक थेंबही स्टेन नाही. १११० नॅनोमीटरभोवतीचा पट्टा शेपरने निवडला. ५५५ ला, म्हणजे निम्म्या तरंगलांबीच्या दुसऱ्या हार्मोनिकमध्ये, कोलॅजेनचे पीळदार तंतू उठले, ३७० च्या, म्हणजे एक तृतीयांश तरंगलांबीच्या, तिसऱ्या हार्मोनिकमध्ये चरबीच्या पेशींच्या कडा स्वच्छ दिसल्या. जिवंत ऊतकात त्याच स्कॅनमध्ये पेशीच्या ऊर्जाव्यवहारातले, स्वतःच चमकणारे दोन रेणूही दिसतात: एफएडी दोन फोटॉननी आणि एनएडीएच तीन फोटॉननी. इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये हे चारही सिग्नल एकाच वेळी घेऊन दाखवले, तेही जिवंत प्राण्यात. तरंगलांबी बदलून दुसरा स्कॅन घ्यायचा तर तोवर पेशी हललेली असते. इथे ती भानगडच नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी बाकीचा सगळा त्रास मी सोसायला तयार आहे.

वार्षिक देखभाल कराराचा कागद टेबलावर पडलाय. सही करणार नाही. त्या पैशात चांगला क्लीव्हर आणि काही मीटर जादा फायबर येतं.